न्हाणीच्या चुलीतली पुस्तकं

वन्सं, काल तुमचं तेरावं झालं. गोडाचं जेवून माणसं आपापल्या घरी गेली, आणि जाता जाता प्रत्येक जण तुमच्याविषयी काहीतरी खोटं बोलून गेला. खालच्या आळीतल्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "काय सात्त्विक बाई हो! लहानपणीच नवरा गेला, पण कधी कुरकुर नाही. आपली पोथी नि आपण." काकूंना तुम्ही पाठीमागे काय म्हणायच्या ते मी त्यांना सांगितलं नाही. मग ते पेन्शनर मास्तर उभे राहिले. चार माणसं पाटावर बसलेली दिसली की त्यांना भाषण सुचतं. म्हणाले, "दिवंगत भगिनींच्या ठायी ग्रंथांविषयी अपार आदर वसत होता." मी खीर वाढत होते. वाटलं, पळी तिथेच टाकावी आणि मास्तरांना हाताला धरून न्हाणीघरात न्यावं.

कारण तुमच्याइतकी पुस्तकं अख्ख्या रत्नागिरीत कोणी जाळली नसतील.

मास्तरांना समजावून सांगायचं तर आगोटीपासून सुरुवात करावी लागली असती. पावसाळ्याला तोंड लागलं की बोटी बंद, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. म्हणून आधीच घराघरांत आगोटीची बेगमी होते: मीठ, मिरच्या, कुळीथ, घासलेट, सुकी लाकडं. आपल्या घरात त्या बेगमीत पुस्तकंही असायची. तुमचे धाकटे भाऊ, आमचे भावोजी, मुंबईहून शेवटच्या बोटीनं बाचकं पाठवायचे. त्यात मसाल्याचं सामान, काड्यापेट्या, तुमची तपकीर आणि तळाशी रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलेली पुस्तकं. भावोजींना वाचनाचा नाद कधीच नव्हता. ते पुस्तकं बटाट्यांसारखी घेत. फार सडकं नको, एवढंच बघत. त्यामुळे आपल्या नशिबी काय येईल ते ब्रह्मदेवालाही माहीत नसे.

आणि मग पावसाळाभर, पाऊस अडवायला ओटीला झापांच्या झडी बांधलेल्या, बाहेर धो धो चाललेलं, आणि आपण दोघी. सासू-सासरे केव्हाच गेलेले, तुमचे भाऊ दोघेही, माझा नवरा नि भावोजी, मुंबईला. मी मोठ्यानं वाचायचं आणि तुम्ही फणसाच्या आठळ्या सोलता सोलता ऐकायचं, असं ठरलेलं. पण तुम्हाला धीर कुठला! लहानपणी भावांच्या पाटीवरून चोरून उचललेली ती अक्षरं. तुम्ही पहाटे उठून चुलीच्या उजेडात पुढचं सगळं वाचून मोकळ्या व्हायच्या. दुपारी मी रंगात येऊन वाचत असले की मधेच, "थांब गो, आता हा मेला रडणार." आणि पान उलटलं की तो मेला रडतच असायचा.

एकदा पुस्तक वाईट ठरलं की त्याची रवानगी न्हाणीच्या चुलीकडे. पावसाळ्यात ती चूल पेटवणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी कढत पाणी आयतं मिळतं त्याला कळायचं नाही. झावळं ओली, नारळाची सोडणं ओली, नुसता धूर. तिथे कोरडा कागद हे सोनं. आणि तुमचा नियम कडक होता: पुस्तक फाडायचं ते शेवटाकडून. "पुस्तक नासतं ते शेपटाकडून," तुम्ही म्हणायच्या. "सुरवातीस सगळेच शहाणे असतात."

ते गृहिणींना उपदेश करणारं पुस्तक आठवतं? पत्नीने पतीच्या आधी उठावे, पतीनंतर जेवावे, आणि मधल्या वेळात प्रसन्न दिसावे. कोणा वकिलानं लिहिलेलं. मी वाचत होते आणि तुम्ही तपकिरीची चिमूट नाकाशी धरून थांबला होतात. "यमे, बघ जरा, भाताला पाणी किती घालायचं ते कुठे लिहिलंय काय?" नव्हतं लिहिलेलं. "मग ह्या मेल्यास घरातलं काय कळतं? गिळायला येत असेल तेवढंच." ते जाडजूड होतं, म्हणून पुरवून पुरवून जाळलंत. रोज एक पान. बाकीचं कोनाड्यात, कोरड्या जागी.

ती कोकणप्रवासाची हकिकत. पुण्याचे कोणी गृहस्थ हिवाळ्यात आठवडाभर येऊन गेले होते आणि त्यांना इथली माणसं फार भोळी, फार समाधानी वाटली होती. नारळी-पोफळींच्या सावलीत आम्ही म्हणे सुखानं डुलत असतो. "आषाढात ये म्हणावं डुलायला," तुम्ही म्हणालात. "एक बादली पाणी तापवून दाखव, मग लिही." त्या गृहस्थांनी आपल्याकडच्या आंब्यांची स्तुती केली होती म्हणून त्यांचं आंब्यावरचं प्रकरण तेवढं वाचवावं असं मी म्हटलं. तुम्ही ते परत वाचून पाहिलंत आणि पायरी नि हापूस यांत त्यांनी घोटाळा केलाय असं दाखवून तेही चुलीत घातलंत.

खुनाची गोष्ट तुम्ही पहिल्याच दुपारी निकालात काढलीत. "खून मुनिमानं केला."

"कशावरून, वन्सं?"

"अगो, पुस्तकात तोच एकटा काही काम करतोय. बाकीचे नुसते सुपारी चघळतायत."

मुनिमानंच केला होता. आणि कवितांच्या त्या पुस्तकाबद्दल तर आपलं अजून मिटलेलं नाही. तुमचं म्हणणं, त्या माणसाला रोज चंद्र दिसतो, रोज झोप येत नाही, आणि घरात कोणी त्याला काढा करून देत नाही. असेल. पण त्यातल्या दोन कविता चांगल्या होत्या, वन्सं. मी तेव्हाही म्हणत होते, आताही म्हणते. तुम्ही ऐकत नाही म्हणून त्या वाईट ठरत नाहीत.

मास्तरांना सर्वांत धक्का बसला असता तो तुमचं आवडतं पुस्तक ऐकून. बाचक्यात एकदा चुकून रेल्वेचं वेळापत्रक आलं. ज्या गावात आगगाडीची शिट्टीही ऐकू येत नाही तिथे तुम्ही ते मांडीवर घेऊन बसायच्या आणि स्टेशनांची नावं एकामागून एक वाचायच्या. मधेच थांबून म्हणायच्या, "इथे गाडी बराच वेळ थांबते गो. माणसं जेवत असतील." मी हसले की चिडायच्या. "हस, हस. ह्यात कोणी रडत नाही, कोणी उपदेश करत नाही, नि लिहिलेलं खोटं निघालं तर लोक भांडायला जातात. असलं दुसरं पुस्तक दाखव मला." ते वरच्या फळीवर देवाच्या पोथ्यांशेजारी गेलं. पोथ्यांना तुम्ही हात लावायच्या तो धूळ झाडायला, हे काकूंना कोण सांगणार?

आता त्या कादंबरीचं. तिचं नाव मी लिहीत नाही. उगाच कोणी शोधून वाचील.

त्या वर्षी बाचकं घेऊन वरच्या आळीतले तात्या आले होते. मुंबईच्या गिरणीत होते ते, पावसाळ्यापुरते घरी आलेले. बाचकं ओटीवर ठेवलं तरी जाईनात. शेवटी जमिनीकडे बघत म्हणाले, "वहिनी, तुमच्या यजमानांचा निरोप आहे. पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बोटीनं या म्हणालेत." मला क्षणभर बरं वाटलं, वन्सं. मुंबईत त्यांनी दुसरी बाई ठेवलीय हे सगळ्या आळीला माहीत होतं. मला वाटलं, सुटलं ते. मग तात्या म्हणाले, "तोवर तिचे दिवस भरत येतील. घरात करणारं कोणी हवं. तुम्ही थोरल्या, तुमचा मान राहील असं सांगितलंय." आणि जोडे पायांत सरकवून गेले. तुम्ही दाराआड उभ्या होतात. सख्ख्या भावाचा निरोप तुम्ही शब्दन् शब्द ऐकलात आणि बाचकं उचलून आत घेऊन गेलात.

बोट सुटायला अख्खा पावसाळा होता. तेवढ्यात मला ठरवायचं होतं. आईबाप नव्हते, भाऊ म्हणाला असता, नवरा बोलावतो तर जा. तुम्हाला विचारावं तर तुम्ही त्यांच्या बहीण. आणि नेमकी बाचक्यात ती कादंबरी निघाली. तिच्यातल्या बाईचं माझ्यासारखंच. नवऱ्यानं दुसरी आणलेली, हिला माहेरी टाकलेलं, आणि एक दिवस बोलावणं. मी ती मोठ्यानं वाचली नाही. तुमच्यापासून लपवून, माजघराच्या कोपऱ्यात बसून वाचत होते. मला वाटत होतं, छापून आलंय म्हणजे कोणी शहाण्यानं विचार करून लिहिलं असेल. ही करील ते आपण करू. दारात गाडी जुंपून उभी आहे, गाडीवान हाका मारतोय, आणि ती उंबऱ्यात उभी, इथपर्यंत आले. तिन्हीसांज झाली. दिवा लावायचा म्हणून पुस्तक पालथं घालून उठले.

सकाळी बघते तो पुढची पानं नाहीत. धावत न्हाणीघरात आले. तुम्ही फुंकणी घेऊन बसला होतात, डोळे धुरानं लाल.

"वन्सं, ह्याची शेवटची पानं कुठेत?"

"पाणी तापवतायत. कढत झालंय बघ, जा नाहून घे."

"मी वाचत होत्ये ते!"

"झावळं भिजली होती गो. दुसरं काय होतं हाताशी?"

वकिलाचा उपदेश होता. तुमच्या डोक्यावर, कोनाड्यात, अर्धाअधिक शिल्लक आणि ठणठणीत कोरडा. मला दिसत होता. मी ओरडले, "मग शेवट तरी सांगा. तुम्ही वाचला असणारच. जाते की नाही ती?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय करायचंय? लेखकानं काय लिहिलंय?"

"लेखक!" तुम्ही फुंकणी खाली ठेवलीत. "तो मेला कधी उंबऱ्यात उभा राहिला होता काय? पुस्तकांस विचारून संसार करतात काय गो? तुझं तू ठरव."

मी तुमच्याशी बोलणं टाकलं. घरात दोनच बायका आणि बाहेर न थांबणारा पाऊस, त्यात अबोला धरायचा म्हणजे काय ते आपल्या दोघींनाच माहीत. मला वाटलं, भावाची बाजू घेताय, मला छळताय. मग एका दुपारी तुम्ही आठळ्या भाजता भाजता, कोणी न विचारता बोलायला लागलात. "ती जात नाही. ती खानावळ घालते. कोर्टाच्या पाठीमागे. पक्षकार येतात, कारकून येतात. आमटी जरा पातळ असते, पण चालते बरी." मला हसू आलं आणि हसू आलं म्हणून राग आला. मी म्हटलं, "खोटं. असलं कोणी लिहीत नाही."

"न लिहीनात," तुम्ही म्हणालात आणि आठळ्या माझ्यापुढे सरकवल्यात.

पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ गेला, दोन दिवसांनी बोटीचा भोंगा झाला आणि तात्या परत दारात. "वहिनी, सामान बांधलंत काय?" मी तोपर्यंत काही ठरवलेलं नव्हतं, खरं सांगते. तोंड उघडलं आणि शब्द आले. म्हटलं, "तात्या, त्यांना सांगा, करणारी बाई मुंबईत पगारावर मिळते." तात्या तुमच्याकडे बघायला लागले. भावाची बहीण काहीतरी बोलेल असं त्यांना वाटलं असावं. तुम्ही विचारलंत, "तात्या, येताना तपकीर आणाल काय? गेल्या खेपेची सपक होती."

त्यानंतर मी फायनलची, म्हणजे मराठी सातवीची, परीक्षा दिली आणि मुलींच्या शाळेत बाई झाले. गावानं म्हणायचं ते म्हटलं. गावाला काय म्हणायचं ते तुम्ही म्हटलंत.

पण तो शेवट माझ्या मनातून गेला नाही. दर आगोटीला बाचकं सुटलं की मी विचारायची आणि दरवेळी तुम्ही निराळा सांगायच्या. एका वर्षी ती बाई गाडीवानालाच उलट सांगून पाठवते की मालकाला म्हणावं तूच ये, आणि येताना दळण घेऊन ये. एका वर्षी ती गाडीत बसते, पण भलत्याच गावाला जाते. वेळापत्रकातलं एखादं स्टेशन तुम्ही तिला द्यायच्या. खानावळ मात्र अधूनमधून परत यायची. मी म्हणायची, "खरा सांगा." तुम्ही म्हणायच्या, "हाच खरा." या चैत्रात तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हाही मी उशाशी बसून विचारलं. लाज वाटायला हवी होती, पण विचारलं. "वन्सं, आता तरी." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "जळलं मेलं ते. विचारू नको."

भावोजी दिवसकार्याला शेवटच्या बोटीनं आले. तार पोचली तेव्हा आगोटीचं बाचकं बांधून झालं होतं, ते सोडायचं त्यांना सुचलं नाही, तसंच घेऊन आले. तुमचा पाठचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, आला नाही. त्यानं तार केली, प्रकृती बरी नाही म्हणून. बहिणीच्या मरणाला यायलाही त्याला वाटेत करणारं कोणी मिळालं नसेल.

काल सगळे गेल्यावर मी बाचकं सोडलं. वर तुमची तपकिरीची डबी होती. ती हातात घेतली आणि रडले. तेरा दिवसांत जमलं नव्हतं ते. आणि तळाशी, इतर रद्दीत, ती कादंबरी. सबंध. शेवटासकट.

मी उभ्या उभ्याच शेवट वाचला. वन्सं, ती गाडीत बसते. जाऊन सवतीचं बाळंतपण करते. सवत तापानं फणफणते, तर ही अन्नपाणी सोडून उशाशी बसते. मग ती बरी होते आणि ही आजारी पडते. नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून, भरल्या कपाळानं मरते, आणि मरताना म्हणते, माझ्याहून सुखी बाई त्रिभुवनात नाही. नवरा अश्रू ढाळतो. मग सवतीला घेऊन काशीला जातो. शेवटच्या ओळीत लेखक आम्हां भगिनींना सांगतो, अशा व्हा.

मी गेले असते. तेव्हा मी छापलेलं खरं मानत होते. ते पान त्या संध्याकाळी माझ्या हाती पडलं असतं तर मी पहिल्या बोटीनं गेले असते, सवतीची खोली झाडली असती, आणि त्यात काहीतरी थोर आहे असं समजत मेले असते. तुम्ही पहाटे चुलीच्या उजेडात ते वाचलंत, आणि वकिलाचा कोरडा गठ्ठा तसाच ठेवून हे जाळलंत. तुमच्या सख्ख्या भावाच्या घरी मी जाऊ नये म्हणून. आणि राहा असंही कधी म्हणाला नाहीत. त्या लेखकाच्या जागी स्वतः बसायचं तुम्हाला नको होतं, हे मला काल कळलं.

पण माझं भांडण मिटलं असं समजू नका. नंतर तरी सांगायचं होतंत. मी पगार आणायला लागले तेव्हा, किंवा परवापरवा, अंथरुणावर. मी तुमचे पाय धरले असते आणि तुम्ही "सोड गो, नाटकं पुरे" म्हणाला असतात, म्हणूनच सांगितलं नसेल. तेही मला कळतं. तरी सांगायचं होतंत.

आज सकाळी मी न्हाणीची चूल पेटवली. लाकडं सुकी आहेत, पाऊस अजून आलेला नाही, कागदाची काही गरज नव्हती. तरी ती पानं फाडली, शेवटाकडून, उंबऱ्यापर्यंत, आणि एकेक करून आत घातली. उरलेली कादंबरी वर फळीवर ठेवली, तुमच्या वेळापत्रकाला लागून.

दुपारी भावोजी ओटीवर लवंडले होते. झोप येईना म्हणून त्यांनी फळीवरचं हाताला लागेल ते पुस्तक काढलं. जन्मात न वाचणारा माणूस, पण दुखवट्यात वाचत सुटला. चहाच्या वेळी आत आले, पुस्तक हातात.

"वहिनी, ह्याची पुढची पानं नाहीत. ती बाई उंबऱ्यातच उभी आहे. पुढे काय होतं?"

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"ती खानावळ घालते, भावोजी," मी म्हटलं. "कोर्टाच्या पाठीमागे. आमटी जरा पातळ असते, पण चालते बरी."